तीच आरी

क्लास संपला. वैजयंतीअक्कांनी लॅपटॉप मिटला. माझ्या हातातल्या सोन्याच्या बांगड्या मागून घेतल्या आणि स्वयंपाकघरातल्या नळाखाली धरल्या. भांड्यांचा साबण लावला. एकेक बांगडी आतून घासली, बाहेरून घासली. मग धुतलेल्या नॅपकिनने पुसून आपल्या हातात चढवल्या.

माझ्यासमोर. दार लोटून घ्यायचीही गरज त्यांना वाटली नाही.

आदल्या दिवसापर्यंत त्याच बांगड्या माझ्या हातातून निघाल्या की थेट त्यांच्या हातात जात. मध्ये पाणी नव्हतं.

मी भरतकामाच्या चौकटीवरचा दोरा गुंडाळत होते. त्या वळल्या आणि हसल्या. नेहमीचंच हसू. म्हणाल्या, "उद्यापासून तुझ्यासाठी वेगळ्या आणते. सारखं घालायचं, काढायचं, तुलाच त्रास. सरी?"

"सरी," मी म्हणाले.

सरी म्हणजे ठीक आहे. बेंगळुरात निम्मे व्यवहार या एका शब्दावर होतात. रिक्षावाल्याला सरी, भाजीवाल्याला सरी. जिना उतरताना मला कळलं, मी कशाला ठीक म्हणून आले ते.

बांगड्यांचं आधी सांगते, नाहीतर कळणार नाही.

वैजयंतीअक्का मल्लेश्वरमच्या. जुन्या मराठी घराण्यातल्या. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. त्या ऑनलाइन आरीकाम शिकवायच्या, मराठीतून. आरी म्हणजे टोकाला बारीक आकडा असलेली सुई. लाकडी चौकटीवर कापड ताणायचं, दोरा कापडाखाली धरायचा, आरी वरून टोचायची, आकड्यात दोरा अडकवून वर ओढायचा. साखळीसारखा टाका पडत जातो. ब्लाउजच्या बाह्यांवर मणी आणि जर भरलेली असते ना, ते हे काम. इथे लग्नाचं ब्लाउज त्याच्याशिवाय शिवतच नाहीत.

अक्कांना काम उत्तम येत होतं, खोटं कशाला बोलू. पण त्यांचा अंगठा धरला होता. आरी घेतली की सांध्यातून कळ यायची, हात थरथरायचा. म्हणून त्यांनी मला ठेवलं. क्लासच्या सुरुवातीला त्या समोरच्या कॅमेऱ्यात दिसायच्या, बोलायच्या. मग म्हणायच्या, "आता हातांकडे बघा हं." की चित्र वर टांगलेल्या कॅमेऱ्यावर जायचं. त्यात फक्त चौकट आणि हात. हात माझे. बोलणं त्यांचं.

हात बदलले हे शिकणाऱ्या बायकांना कळू नये म्हणून त्या आपल्या बांगड्या उतरवून मला घालायच्या. आमच्या मनगटाचं माप एकच. पण माझा रंग काळा. म्हणून कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक क्रीम लावायचं. त्यांच्या रंगाचं. ते वाळेपर्यंत हात पुढे धरून पंख्याखाली बसायचं. बोलायचं नाही. "माइक सगळं ओढून घेतो गं, शिंकसुद्धा," त्या म्हणायच्या.

हे सगळं मी पहिल्या दिवसापासून करत होते. तेव्हा अपमान वाटला नाही. वाटायला हवा होता. नाही वाटला. मला वाटलं, त्यांनी मला आपलं सोनं घातलं.

आम्ही चांभार. हे वाक्य आमच्या घरात कधी कुणी मोठ्याने बोललं नाही. माझे आज्जा एका बसस्टॉपच्या मागे भिंतीला टेकून बसायचे. समोर लाकडी ठोकळा, पाण्याची वाटी, आरी आणि रापी. रापी म्हणजे कातडं कापायचं रुंद पात्याचं हत्यार. शाळा सुटली की मी त्यांच्याजवळ बसायची. दोऱ्याला मेण लावून द्यायची. लोक चप्पल पायातून न काढताच पाय पुढे करायचे. आज्जा स्वतः ती काढून घ्यायचे.

अप्पा बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात लागले, आणि त्यांनी ठरवलं की हे आज्जांबरोबर संपवायचं. आज्जा गेले त्याच आठवड्यात ठोकळा, आरी, रापी, सगळं घरातून नाहीसं झालं. कुठे टाकलं, अप्पांनी कधी सांगितलं नाही. आम्ही विचारलं नाही.

घर भाड्याने घेताना ओनर जात काढायला विचारायचा, "तुम्ही कोण जन?" अप्पा म्हणायचे, "मराठी." तेवढं पुरायचं. इथल्या माणसाला मराठी म्हटलं की सगळे एकच. राजांच्या फौजेबरोबर आलेले, घोड्यावरचे, तलवारवाले. आमचं आडनाव गावावरून पडलेलं. त्यातून कन्नड माणसाला काही कळायचं नाही. त्या आडोशाला आम्ही सुखरूप होतो.

भीती होती ती मराठी माणसाची. गणपतीत मराठी मंडळाचा मंडप लागायचा. अप्पा आम्हाला तो रस्त्याच्या पलीकडून दाखवायचे. आत न्यायचे नाहीत. आईने एकदा हट्ट केला तेव्हा म्हणाले, "आत गेलं की विचारतात. कुठले, कोणापैकी, देव कुठला. कन्नड माणूस एक विचारून थांबतो. आपला माणूस मुळापर्यंत जातो."

म्हणून मराठी ही आमची कडी लावून बोलायची भाषा होती. बाहेर कुणी मराठी बोलताना ऐकू आलं की आई आवाज खाली घ्यायची.

आरी मी फोनवर शिकले. लॉकडाऊनमध्ये आईची गारमेंट फॅक्टरी बंद, अप्पांच्या पाळ्या कमी केलेल्या, आम्ही तिघं एका खोलीत. एक बाई आरीचे व्हिडिओ टाकायची. तमिळमध्ये बोलायची, मला निम्मं कळायचं नाही. तिचा चेहरा मी कधी पाहिला नाही. फक्त हात. एका नखावर जुनी ठेच लागल्याचा काळा डाग होता. तिचं नाव, तिची जात, तिचं गाव, काही माहीत नाही. हात बघायचे आणि तसं करायचं. मी मोडक्या खाटेच्या पट्ट्यांची चौकट केली, आईची जुनी साडी ताणली, सुईचं टोक घासून आकडा केला. दोरा सुटायचा. कापड फाटायचं. बोटाला भोकं पडायची.

मग एका दुपारी आकड्यात दोरा बसला आणि वर आला. त्याच्या मागे दुसरा. साखळी पडली. आई बघत होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "आज्जांचा हात आलाय तुला."

अप्पा उठून बाहेर गेले.

पुढे मी एका बुटिकमध्ये कामाला लागले. अक्का तिथे ब्लाउज टाकायला यायच्या. मी आईशी फोनवर बोलत होते, ते त्यांनी ऐकलं. "अय्या, मराठी का तू?" केवढ्या आनंदाने म्हणाल्या. मी घाबरले. पण त्यांनी देव विचारला नाही, गाव विचारलं नाही. माझ्या चौकटीवरचं काम बघितलं आणि म्हणाल्या, "मला असेच हात पाहिजेत. मी मराठीत बोलणार, ते तुझ्या हाताला कळायला पाहिजे."

मी पहिल्या दिवशी त्यांना मॅडम म्हटलं. "मॅडम नको गं. अक्का म्हण."

हे ज्यांना आयुष्यभर मिळत आलंय त्यांना नाही कळणार. मी पहिल्यांदाच घराबाहेर मराठी बोलत होते, मोठ्याने, खिडक्या उघड्या असताना. दुपारी त्यांच्याबरोबर जेवायचे. त्यांचं सारही आमच्यासारखंच, निम्मं इथलं, निम्मं तिथलं. त्या सांगायच्या, आमचे पूर्वज राजांच्या फौजेबरोबर आले, चारशे वर्षं झाली. माझ्या ओठावर यायचं, आमचेही. आज्जा सांगायचे तसं. तुमचे घोड्यावर बसून आले, आमचे त्या घोड्यांची खोगिरं शिवत चालत आले. मी गिळून टाकायचे.

एके दिवशी क्लासच्या आधी आम्ही चहा घेत होतो. हातावर क्रीम लावायचं होतं अजून. अक्का म्हणाल्या, "तुझा हात किती सरावाचा आहे गं. फोनवर बघून एवढं येत नाही. घरात कुणाला होतं का हे?"

प्रेमाने विचारलं होतं. त्या प्रेमाने मी वाहवले. म्हणाले, "आज्जा होते ना. लहानपणी त्यांच्याजवळच बसायची मी. आरी-रापी घेऊन खेळायची."

कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"रापी?"

"हो."

"अच्छा," त्या म्हणाल्या. उठता उठता म्हणाल्या, "सरी. चल, क्लासची वेळ झाली."

कन्नड बाई असती तर तिला रापी कळली नसती. तमिळ असती तर कळली नसती. मी आईच्या भाषेत बोलले म्हणून ओळखले गेले. अप्पांनी जे सांगितलं होतं ते अक्षर न् अक्षर खरं निघालं.

त्याच क्लासनंतर बांगड्या धुतल्या गेल्या.

घरी जाऊन आईला सांगितलं. ती भात उतरवत होती. म्हणाली, "सोनं आहे. घामाने काळवंडतं. धुतात लोक."

"भांड्यांच्या साबणाने?"

"मग कशाने धुवायचं?" ती म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही. तिला कळलं होतं. मलाही कळलं की तिला कळलंय. आम्ही दोघी जेवलो.

दुसऱ्या दिवशी टेबलावर एक प्लॅस्टिकची डबी होती. आत खोट्या बांगड्या. सोन्यासारख्याच दिसणाऱ्या. "ह्या तुझ्या. इथेच ठेवत जा." क्रीमची बाटलीही त्या डबीजवळ आली. पूर्वी ती त्यांच्या आरशासमोर असायची.

जेवणाचं म्हणाल्या, "माझं हल्ली पथ्याचं असतं. तुला आवडायचं नाही. डबा आणत जा." चार दिवस गेले आणि म्हणाल्या, "क्लासच्या बायका असतात गं, बरं दिसत नाही. मॅडमच म्हणत जा." देवघराच्या बाजूने बाथरूमला जायची वाट होती. त्या वाटेवरचं दार आतून बंद असायला लागलं. मी मागच्या बाल्कनीतून जायला लागले. हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. मीच जायला लागले.

एक शब्द वाईट बोलल्या नाहीत. आवाज चढवला नाही. सणाला माझ्या आईसाठी ब्लाउजपीस दिला. भांडायला निदान एक शब्द लागतो. तो त्यांनी मला दिलाच नाही.

लोक विचारतील, मग गेलीस कशाला? मी गेले. रोज गेले. बोम्मसंद्र्याहून मल्लेश्वरमला, शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. घरात गरज होती. आणि दुसरंही होतं. ते सांगायला मला आजही जड जातं. मला वाटायचं, काम इतकं चांगलं करावं की त्यांना विसर पडेल. मी मोर असे भरले की त्यांची मान वळलेली खरी वाटावी. बायका तिकडून म्हणायच्या, "ताई, काय हात आहे तुमचा!" त्या म्हणायच्या, "देवाची कृपा."

मी खाली मान घालून टोचत राहायचे.

श्रावण जवळ आला. इथे वरमहालक्ष्मीचा सण मोठा. कलशाला साडी नेसवतात, दागिने घालतात, घराघरात देवी बसते. मॅडमनी त्यासाठी खास वर्ग आधीच काढला होता. देवीचा शेला. लाल रेशमावर सोनेरी आरीकाम, कडेला कमळं. नमुना मीच भरायचा होता. हे सुरू झालं तेव्हा रापीची गोष्ट झालेली नव्हती. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "तू भरलेलाच शेला मी माझ्या देवीला घालणार." मी आईला सांगितलं होतं. आई हातातलं काम ठेवून हसली होती.

शेवटच्या क्लासच्या दिवशी मी लवकर पोहोचले. देवघराचं दार चुकून उघडं होतं. देवीची तयारी मांडलेली. पाटावर नवा शेला घडी करून ठेवला होता. दुकानातला. कडेची चिठ्ठीही काढलेली नव्हती. यंत्रावर भरलेली कमळं.

मी आत येऊन चौकटीसमोर बसले. हातावर क्रीम लावलं. डबीतल्या बांगड्या घातल्या.

क्लास सुरू झाला. पडद्यावर बायकांची छोटी छोटी चित्रं. पुण्याची एक, दुबईची एक, बेळगावची, आणि इथली एचएसआर लेआउटची सायली. सायली पुण्याहून नोकरीसाठी आलेली, कंपनीतलं काम संपवून क्लासला बसायची. हसरी मुलगी. प्रश्न फार विचारायची.

मॅडम बोलत होत्या. माझे हात शेवटचं कमळ भरत होते. मॅडम म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा हं. देवीचं वस्त्र आहे. हातपाय धुऊन, स्वच्छ मनाने बसायचं. आमच्या घरात हे काम सोवळ्यात व्हायचं. ही शुद्ध कला आहे."

सायली म्हणाली, "ताई, एक सिली क्वेश्चन विचारू? माझ्या आजोळी चांभाराकडे पण आरी असायची. चपला शिवायची. ही तीच का?"

दोघीतिघी हसल्या. वाईट हेतूने नाही हसल्या. अशा गोष्टीवर हसतात तसं.

मॅडमही हसल्या. "छे गं! नाव सारखं म्हणून काय झालं? त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही. चामड्याला लागलेलं हत्यार आपण देवीच्या शेल्याला लावू का? इश्श!"

माझा हात थांबला.

आरी कापडात अर्धी गेलेली. मला आज्जांचा चेहरा वगैरे आठवला नाही. मनात काही मोठं आलं नाही. एवढंच आलं की हा हात आता पुढे जाणार नाही. मी सांगितलं तरी जाणार नाही.

"तीच आहे," मी म्हणाले.

माइकने ओढून घेतलं.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांनी गप्प म्हणाल्या.

"तीच आरी आहे," मी म्हणाले. "माझ्या आज्जांकडे होती. ते चांभार होते. मी चांभाराची नात. हे हात माझे आहेत. पहिल्या क्लासपासून माझेच आहेत. ह्यांचे नाहीत."

मी बांगड्या काढल्या आणि त्या लाल शेल्यावर ठेवल्या, कॅमेऱ्याखाली. पदराने क्रीम पुसायला लागले. निघेना. चिकट होतं ते. पांढुरकं आणि काळं असं काहीतरी मिसळून हात घाण दिसायला लागला. पडद्यावर सगळ्या बायका स्तब्ध. पुण्याच्या बाईने तोंडावर हात ठेवला. बेळगावची चित्रातून उठून गेली. सायली पुढे झुकून बघत होती.

मॅडमनी बटण दाबलं. पडदा काळा.

फोन घेऊन त्यांनी बायकांच्या ग्रुपवर टाकलं, आणि टाकताना तोंडाने बोलत होत्या: "नेटवर्क... प्रॉब्लेम... क्षमस्व."

मग माझ्याकडे वळल्या. मला वाटलं ओरडतील. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मी तुला काय कमी केलं गं?"

मी हातावरचं क्रीम पुसत राहिले.

"कुणाला सांगितलं का मी? एक वाईट शब्द बोलले का तुला कधी? दुसरी असती तर त्याच दिवशी काढलं असतं तुला."

"तुम्ही बांगड्या धुतल्या," मी म्हणाले.

"माझ्या बांगड्या होत्या त्या," त्या म्हणाल्या.

त्यांना खरंच कळलं नव्हतं. आणि मला वाटतं, कळायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती. मी माझी आरी उचलली, चप्पल घातली, जिना उतरले.

सायलीने कुठूनसा माझा नंबर मिळवून नंतर मेसेज केला. क्लासचं रेकॉर्डिंग सगळ्यांना मिळालं होतं. मी बोलले तेवढा भाग त्यात नव्हता. कमळ अर्धं होतं आणि एकदम पूर्ण झालेलं. मध्ये काही घडलंच नाही. क्लास चालू राहिला. दुसरी एक मुलगी आली, दुसरे हात आले. ती गोरी आहे म्हणे. क्रीम लागत नाही.

मी घरी सांगितलं. अप्पांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं.

"किती लोकांसमोर बोललीस?"

मी सांगितलं.

"मराठी होते?"

"सगळे."

अप्पा शांतपणे म्हणाले, "तुला बोलायचं होतं तर तुझं बोलायचं होतंस. माझं का बोललीस? माझा बाप होता तो. मी त्याला इतकी वर्षं जपून ठेवला होता."

लपवून ठेवला होता, असं मी म्हणाले नाही. त्यांच्या दृष्टीने ते जपणंच होतं. या माणसाने आमच्यासाठी आपल्या बापाचं नाव गिळलं होतं.

पण मागे जायलाही वाट नव्हती. मी माझा वर्ग सुरू केला. फोन काठीला बांधला, चौकट ताणली. मराठीतून आणि कन्नडमधून. पहिल्यांदा चेहरा. मग हात, आहेत तसे. आणि चेहरा दाखवताना आधी सांगायचं, मी कोण. माझं नाव, माझ्या आज्जांचं नाव, आम्ही चांभार, ही आरी आमची. मग टाका.

लोक शिकायला आले. थोडे. सांगून होईपर्यंत त्यातले काही निघून जायचे. पडद्यावर दिसतं ते. कुणी लिहायचं, शिकवा ना नुसतं, राजकारण कशाला? कुणी लिहायचं, आम्ही विचारलं होतं का तुमची जात? कुणी असं लिहायचं की ते मी इथे सांगणार नाही. आईने एकदा वाचलं. फोन उलटा ठेवला आणि कामाला निघून गेली.

कन्नड वर्ग आमच्या ओनरच्या सुनेने बघितला.

ओनर अम्मा वर आल्या. आम्हाला त्यांनी कधी त्रास दिला नव्हता. आजारपणात रसम पाठवायच्या. दारातच उभ्या राहिल्या. "जातीचं नाही हो," म्हणाल्या, "आम्ही तसलं काही मानत नाही. पण तुम्ही खोटं सांगितलंत. खोटं बोलणारे लोक घरात कसे ठेवायचे?"

अप्पा हात जोडायला निघाले. मी त्यांचा हात धरला. पहिल्यांदाच आयुष्यात त्यांना मी असं अडवलं.

"अम्मा," मी म्हणाले, "पहिल्या दिवशी खरं सांगितलं असतं तर दिलं असतं घर?"

"सामान कधी हलवताय ते कळवा," म्हणाल्या आणि खाली गेल्या.

दुसरं घर शोधताना अप्पा पुढे झाले नाहीत. मी विचारायची, मीच सांगायची. आधी जात, मग भाडं. किती दारं बंद झाली त्याचा हिशोब मी ठेवलेला नाही. कुणी म्हणायचं, नातेवाईक येणार आहेत. कुणी म्हणायचं, शाकाहारी पाहिजेत, आणि त्यांच्याच खिडकीतून मटणाचा वास यायचा. शेवटी मिळाली ती कारखान्यांच्या मागे, ओळीतली एक खोली. पाणी टँकरचं. शेजारच्या प्रेसमशीनच्या दणक्याने भिंत हलते. तशी चौकटही हलते. टाका वाकडा जाऊ नये म्हणून दणक्यांच्या मधल्या वेळात आरी टोचावी लागते. अप्पा माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत. क्लास सुरू झाला की बाहेर जाऊन बसतात. पण दार ओढून घेत नाहीत.

सायली माझ्या वर्गात आली. स्वतःहून आली. म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी खूप ब्रेव्ह होतात." चांगली शिकतेय. हात हलका आहे तिचा.

परवा तिचा फोन आला. क्लास सुरू व्हायच्या जरा आधी.

"ताई, एक रिक्वेस्ट होती. प्लीज गैरसमज करून घेऊ नका हं. सासूबाई आल्यात पुण्याहून. हॉलमध्येच बसतात त्या. तर ते सुरुवातीचं तुमचं इंट्रो असतं ना, ते थोडे दिवस स्किप करता येईल का? म्हणजे मला पर्सनली काहीच प्रॉब्लेम नाहीये. तुम्हाला माहितीये ना."

मला माहिती होतं. तिला खरंच काही प्रॉब्लेम नव्हता. प्रॉब्लेम सासूला होता. मॅडमच्या घरी देवीला होता. ओनरच्या घरी आमच्या खोट्याचा होता. समोरच्या माणसाला कधीच नसतो. नेहमी तो शेजारच्या खोलीत बसलेला असतो.

"हेडफोन लावता का तुम्ही?" मी विचारलं.

"हो, लावते ना! म्हणजे तसंही चालेल, तुम्ही फक्त..."

"काढून ठेवा," मी म्हणाले. "फोनचा आवाज मोठा करा. त्यांना स्पष्ट ऐकू गेलं पाहिजे."

मग तिने "ओके ताई, बघते," म्हणून फोन ठेवला.

वेळ झाली. बायका एकेक करून पडद्यावर यायला लागल्या. सायली त्यांत होती की नाही, मी शोधलं नाही. शेजारचं मशीन दणकत होतं, म्हणून मी नेहमीपेक्षा मोठ्याने बोलायला सुरुवात केली. आधी माझं नाव. मग आज्जांचं. मग आमची जात. ज्यांना ऐकायचं आहे त्यांच्यासाठी, आणि ज्यांना ऐकायचं नाही त्यांच्यासाठी जास्त. हे गाळून मी कुणाला एक टाकासुद्धा शिकवणार नाही.